यंत्राचा शनिवार

आदरणीय ताईस,

धाकट्या भावाचा मनःपूर्वक शालोम.

वि. वि. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली कळायला मार्ग नाही, कारण पत्राचा तुला कंटाळा, आणि फोनवर "बरी आहे" एवढे सांगून तू लगेच माझीच चौकशी सुरू करतेस. साक्षीदाराने वकिलाची उलटतपासणी घ्यावी, असा तो प्रकार आहे. तरीही रीतीप्रमाणे विचारतो. गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस का? (धरत नसणार.) आणि गॅलरीतल्या कुंड्या, विशेषतः ते लिंबाचे झाड, ज्याने माझ्या माहितीप्रमाणे आजतागायत एकही लिंबू दिलेले नाही, ते ठीक आहे ना?

तू आमच्याबरोबर इकडे आली नाहीस हे सर्वथा योग्य झाले, एवढे एकच विधान सिद्ध करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विधान माझेच असल्यामुळे ते सिद्ध करण्याची जबाबदारीही माझीच, आणि ती मी क्रमाने पार पाडीन.

आधी पूर्वपीठिका. मुलाला या गावच्या रुग्णालयात नेमणूक मिळाली आणि त्याने जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना, म्हणजे तुलाही, घेऊन जाण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा तू दोनच प्रश्न विचारलेस: "तिथली थंडी माझ्या गुडघ्यांना झेपेल का रे? आणि माझ्या झाडांचं काय?" मुलगा हाडांचा डॉक्टर. तो म्हणाला की थंडीने गुडघे दुखतात, बिघडत नाहीत. ही साक्ष मी तिथल्या तिथे फेटाळून लावली, कारण साक्षीदार हितसंबंधी होता. त्यानंतर मी गुडघ्यांच्या आणि झाडांच्या बाजूने जो युक्तिवाद केला, तो माझ्या अपिलांच्या काळातल्या कोणत्याही युक्तिवादाच्या तोडीस तोड होता, असे मी आजही म्हणेन. सूनबाई खिडकीबाहेर पाहू लागली. तू उठलीस आणि ताटे गोळा करू लागलीस. निकाल बाजूने लागला की पक्षकार असाच शांत होतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्याच वेळी सूनबाईने मला विचारले, "आणि तुमचं काय, बाबा? तुम्हाला झेपेल?" मी म्हणालो की थंडी हा माझ्या बाबतीत वादाचा मुद्दाच नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेव. पुढे त्याने मला फार छळले.

आता गावाविषयी. गाव इतके लहान आहे की आपण घरातून निघताना कोणती टोपी घातली होती, हे औषधांच्या दुकानात आपल्याआधी पोहोचलेले असते. घरे बुटकी आणि खिडक्यांना दुहेरी काचा, त्यामुळे बाहेरचा माणूस हातवारे करताना दिसतो पण काय म्हणतो ते कळत नाही. (काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे.) बाहेर पडायचे म्हणजे बनियन, सदरा, स्वेटर, कोट, मफलर अशी चढती भाजणी, आणि सगळे अंगावर चढले की हमखास आठवते की चष्मा आतल्या खिशात राहिला. आपल्या ज्यू मंडळींची संख्या एवढी आहे की सगळे जण दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकांवर मावतात, आणि प्रार्थनाही तिथेच होते. समोरच्या भिंतीवर किडलेल्या दाढेचे मोठे चित्र आहे. पश्चात्तापाच्या प्रार्थनेला त्याचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवे.

आल्या दिवशीच मी दाराच्या उजव्या चौकटीवर आईची मेझुझा ठोकली. वचनाचा कागद पोटात घेतलेली ती पितळेची डबी आम्ही निघताना तू माझ्या हातात ठेवलीस, तीच. रीतीप्रमाणे तिरकी, खांद्याच्या उंचीला. दाराची खरी घंटा डावीकडे, एका वेलीमागे लपलेली. परिणाम असा झाला की अख्खे गाव मेझुझा दाबू लागले. पोस्टमन डबी दाबतो, थंडीत उभा राहून वाट पाहतो, पुन्हा दाबतो आणि "घरी कोणी नाही" अशी चिठ्ठी टाकून जातो. मी आत, दारापासून हाताच्या अंतरावर, त्याच पार्सलाची वाट पाहत बसलेलो. "ही घंटा नव्हे" अशी पाटी लावावी, असे मुलाने सुचवले. मी नकार दिला. एखादी वस्तू काय नाही ते जाहीर करत सुटलो, तर पाट्यांना अंत राहणार नाही.

या डबीमुळेच शेजारीणबाईंची ओळख झाली. बाई विधवा, निवृत्त बस-चालक, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. डबी दाबून कंटाळल्यावर त्यांनी दारच बडवले. मी त्यांना समजावून सांगितले की ही वस्तू दाबायची नसते, येताजाताना तिला बोटे लावून ती ओठांना लावायची असतात. त्यांनी ते मनावर घेतले. आता त्या येताना आणि जाताना, न चुकता, मुलापेक्षा जास्त नियमाने तसे करतात, आणि मग दार बडवतात.

एवढे सांगून मी मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आहे घर गरम करणारे यंत्र.

हे यंत्र भिंतीवर असते आणि त्याला आठवड्याचे वार कळतात, असा त्याच्या कंपनीचा दावा आहे. गेल्या आठवड्यात सूनबाई नातीला घेऊन माहेरी गेली. शुक्रवारी संध्याकाळपासून मुलाची रुग्णालयात पाळी होती. (जीव वाचवण्याच्या आड शब्बाथचा विसावा येत नाही, हे तुला सांगायला नको.) जाण्यापूर्वी सूनबाई म्हणाली होती, "बाबा, यंत्राला हात लावू नका. मी सगळं लावून ठेवलंय." या आज्ञेला तिने कारण जोडले नव्हते. विनाकारण दिलेली आज्ञा मी आजवर पाळलेली नाही. मी यंत्राची माहितीपुस्तिका हमीच्या अटींसकट वाचली, आणि शब्बाथ सुरू झाल्यावर कळ फिरवता येणार नाही म्हणून शुक्रवारी दुपारीच सगळी व्यवस्था केली: शुक्रवार बंद, शनिवार पूर्ण दिवस चालू, आणि तोही पूर्ण जोरावर. मग मेणबत्त्या लावल्या, आणि सूर्य मावळून शनिवार लागण्याची निश्चिंत मनाने वाट पाहत बसलो.

सूर्य मावळला. शनिवार लागला. यंत्र ढिम्म.

ताई, आपला शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नव्हते. त्याचा शनिवार मध्यरात्री उगवतो. ज्या गृहीतकावर आपण लहानपणापासून उभे आहोत, ते समोरच्याला ठाऊकच नसावे, असे माझ्या सबंध वकिलीत घडले नव्हते.

अर्ध्या तासात घराचे तळघर झाले. तेवढ्यात दार बडवले गेले. शेजारीणबाई शिडी परत करायला आल्या होत्या. आता अडचण बघ. शब्बाथला आपण कळ फिरवायची नाही, आणि दुसऱ्याला "फिरव" असे सरळ सांगायचेही नाही. फार तर वस्तुस्थिती सुचवावी आणि समोरच्याने ओळखावे. म्हणून मी वस्तुस्थिती मांडली.

"आज घरात थंडी आहे."

"बाहेर तर विचारूच नका," बाई म्हणाल्या.

"यंत्र भिंतीवर आहे."

"आमचंपण भिंतीवरच आहे."

"ते बंद आहे."

"बरं करता. बिलं काय कमी येतात का?"

मी यंत्राकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. मी पुन्हा पाहिले. बाईंनी या खेपेला माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्हाला काय पाहिजे ते एकदा सरळ बोला की!"

इथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. थंडीपुढे सगळेच आजारी धरावेत, आणि आजाऱ्यासाठी दुसऱ्याला सरळ सांगायला हरकत नाही, असेही आपले शास्त्र म्हणते. म्हणजे मार्ग मोकळा होता. पण तो घ्यायचा तर "मला थंडी वाजते" हे आधी मान्य करावे लागले असते. तुला मी वर एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितले होते, ते इथे आडवे आले. मी म्हणालो, "मला काही नको. मी केवळ निरीक्षण नोंदवत होतो."

बाई शिडीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमचे हेपण तुमच्यासारखेच. चहा पाहिजे असला की म्हणायचे, दूध उरलंय का गं? मी म्हणायची, उरलंय. आणि आपल्या कामाला लागायची." पुढे म्हणाल्या, "ते गेल्यावर एकेक लक्षात यायला लागलं. अरेच्चा, तेव्हा ह्यांना चहा पाहिजे होता!" मग त्या हसल्या, घरी गेल्या, दोन जाड रजया आणून माझ्या अंगावर टाकल्या, डबीला बोटे लावली आणि निघून गेल्या. यंत्राला त्यांनी हातही लावला नाही.

मी कोटासकट, मोज्यांसकट, दोन्ही रजयांखाली झोपलो. सकाळी जाग आली ती भट्टीत. यंत्राचा शनिवार उगवला होता, आणि तो पूर्ण दिवसाचा आणि पूर्ण जोराचा होता. बंद करायचे कसे? तोच नियम. दुपारी रजया न्यायला बाई आल्या, तेव्हा मी बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होतो. मी सुचवले की घरात उकडते आहे. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हो ना! आत्ता कसं घरासारखं वाटतंय!" आणि स्वतःचे विणकाम घेऊन अंधार पडेपर्यंत हलल्या नाहीत. ताई, एका अर्थाने ती या गावातली माझी पहिली बरी दुपार होती. पण तो मुद्दा प्रस्तुत विधानाशी संबंधित नसल्यामुळे मी तो वगळतो.

सारांश, इथे थंडी आहे, माणसांना सुचवलेले कळत नाही, आणि यंत्रांना शनिवार कळत नाही. तेव्हा तू तिथेच राहिलीस हे योग्य झाले. विधान सिद्ध झाले आहे.

तुझा आज्ञाधारक (हे तू मान्य करणार नाहीस) भाऊ

ता. क. घराच्या मागच्या बाजूला एक खोली रिकामी आहे. तिला दिवसभर ऊन असते. खिडकीची कड रुंद आहे आणि तिथे कुंड्या राहू शकतात. मी केवळ निरीक्षण नोंदवत आहे.

आणखी ता. क. घरात पायऱ्या नाहीत. रुग्णालयात गुडघ्यांचा विभाग चांगला आहे, असे मुलगा सांगतो. त्याची साक्ष मी पुन्हा दाखल करून घेतली आहे.

शेवटचा ता. क. वरचे दोन्ही ता. क. मी वाचून पाहिले. त्यांत काय म्हटले आहे ते शेजारीणबाईंना कळले नसते. कदाचित तुलाही कळणार नाही. तूही "बरं, ऊन असतं तर" म्हणशील आणि पत्र घडी करून ठेवशील.

त्या दिवशी टेबलाशी तू विचारलेस, थंडी झेपेल का, झाडांचं काय. मला वाटले तू प्रश्न विचारते आहेस, म्हणून मी उत्तरे दिली. चांगली उत्तरे दिली. "झेपेल गं, आम्ही आहोत ना" असे कोणी म्हणते का, याची तू वाट पाहत होतीस, हे मला शुक्रवारी रात्री, दोन रजयांखाली, कळले.

सुचवण्याचा नियम शब्बाथपुरता आहे. आज मंगळवार. म्हणून सरळ लिहितो. लिंबाचे झाड घे आणि ये. घंटा डावीकडे आहे, वेलीमागे. उजवीकडे आई आहे, तिला बोटे लाव. ताई, मला इथे फार थंडी वाजते.