घोळक्याने पुढे सोडलं तेव्हा

काका,

तुम्हांला मराठी वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हांला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तरी लिहायला बसले आहे, कारण जिवंत माणसांत हे सांगावं असं कोणी उरलेलं नाही. संघातल्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील, आईला सांगितलं तर ती रडेल. तुमच्यावर निदान रागावता तरी येतं. तुम्ही भाड्याने राहायचात त्याच खोलीत बसले आहे. खिडकीखाली तुमची सायकल असायची तिथे आता शेजारचा स्कूटर लावतो. काल मी शर्यत हरले, आणि सायकलवरचं माझं आयुष्यही कालच संपलं. ते कसं संपलं हे तुम्ही ऐकायलाच हवं, कारण त्यात तुमचा हात आहे.

दिवाळी झाली की तुम्ही यायचात आणि पावसाच्या तोंडावर फ्रान्सला परत जायचात. बाकीचे गोरे हरमलच्या किनाऱ्यावर, तुम्ही मात्र आमच्या कोरगावात, काजूच्या बागेला लागून, कारण तुम्हांला समुद्राचा आवाज सहन व्हायचा नाही. गावाच्या दृष्टीने तुम्ही एक सायकलवेडे म्हातारे होतात. ऐन तारुण्यात तुम्ही तिकडे पोटासाठी सायकल चालवत होतात, मोठमोठ्या शर्यतींत, हे मला कळलं ते आमच्या स्वयंपाकघरात. आई खोबरं खवतेय, तुम्ही पाटावर मांडी घालायची धडपड करत उंडो पाव आमटीत बुडवताय, आणि मी शाळेच्या गणवेशातच समोर बसून विचारतेय, किती शर्यती जिंकलात? एक, तुम्ही म्हणता. एवढ्या वर्षांत एकच? तुम्ही हसता आणि तुमच्या त्या इंग्रजी-कोकणीच्या खिचडीत मला समजावता, की जिंकणं हे तुमचं काम नव्हतंच. तुमचं काम होतं मुख्य खेळाडूच्या पुढे राहून वारा अंगावर घेणं, म्हणजे आडोशाला त्याची ताकद वाचते, मागच्या गाडीतून त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणणं, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देणं. आई मला म्हणाली, "म्हणजे आमचाच काम. रांदचा आमी आनी जेवचा दुसऱ्यांनी." मी ते तुम्हांला समजावून सांगितलं तेव्हा तुम्हांला हसताना ठसका लागला होता.

माझी पहिली लाल सायकल तुम्हीच मला दिलीत. पहिल्या महिन्यातच मी तुमची बोलणीही खाल्ली. आपण मोपाच्या सड्यावर चढत होतो, मी खालपासून तुमच्या चाकाला चिकटून आले आणि माथ्यावर पोचायच्या जरा आधी तुम्हांला मागे टाकून हात वर केले. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही सायकल आडवी घातलीत आणि विचारलंत, खालपासून वारा कोणी घेतला? मी घेतला, तुम्हीच उत्तर दिलंत. मग हात तू कसे वर करतेस? घरी येईपर्यंत तुम्ही मला तुमच्या चाकाजवळ येऊ दिलं नाहीत. मी रडत आले, आणि तेव्हापासून आजतागायत मी कोणाच्या चाकाआडून निघून पुढे गेले नाही.

आणि मग ती गोष्ट. तुमच्या त्या एकमेव विजयाची. शर्यत तुमच्या गावातून जाणार होती. तुमच्यात रीतच आहे, ज्याचं गाव येतं त्याला सायकलवाल्यांचा घोळका पुढे सोडतो. त्याने पुढे जावं, घरच्यांना भेटावं, आईच्या गळ्यात पडावं, आणि घोळका आला की पुन्हा त्यात मिसळावं. तोवर कोणी जोर लावत नाही. तुम्हांलाही सोडलं. तुमची आई चर्चपाशी उभी होती. तुम्ही तिच्या समोरून गेलात आणि थांबलाच नाहीत. रस्ता मोकळा दिसला आणि तुम्ही मुंडी खाली घालून सुटलात ते शेवटची रेघ ओलांडेपर्यंत. जिंकलात. त्यानंतर घोळक्यात कोणी तुम्हांला आडोसा दिला नाही, कोणी घोटभर पाणी दिलं नाही, आणि पुढच्या मोसमात तुम्हांला घ्यायला एकही संघ तयार झाला नाही. माझी आई खवणं थांबवून ऐकत होती, मी तिला एकेक वाक्य सांगत होते. ती थेट तुम्हांलाच म्हणाली, "आवशीक सोडून फुडें गेलो? असो कसो रे तू?" तुम्हांला ते न सांगताच कळलं. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, तू असं कधी करू नकोस. मी मान डोलावली.

काका, मी तुमच्यासारखीच झाले. दुसऱ्या राज्यात एका खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली आणि त्यांच्या संघात मी इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वारा घेतला. माझं चाक देऊन मी रस्त्याकडेला किती वेळा उभी राहिले असेन! माझ्या आडोशाने गेलेल्या मुलींची नावं पेपरात येतात, त्या मला ताई म्हणतात, गोड पोरी आहेत. पण गुडघा आता कुरकुरतो, वयही झालं. या मोसमाच्या सुरुवातीला संघाच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमच्या नावावर एक तरी निकाल पाहिजे, नाहीतर मोसम संपला की तुम्ही ऑफिसात बसा, नव्या मुलींना जागा द्या. मी म्हटलं, सर, मला निकाल काढायला कधी ठेवलंच नव्हतं. ते म्हणाले, तेही खरंच, आणि पुढची फाईल ओढली. टेबलामागे बसून मी काय करू? मला दुसरं काहीच येत नाही हो, काका. लग्न नाही, शिक्षण अर्धवट, मित्रमंडळ म्हणावं तर सगळं त्या घोळक्यातलं.

मोसमातली शेवटची शर्यत गोव्यात निघाली. फोंड्याहून सुटून डिचोली, पेडणे, मग आमचं कोरगाव, पुढे हरमल, मांद्रे करून परत पेडण्यात शेवट. पेडणे मागे पडल्यावर दुसऱ्या संघाच्या म्होरक्या मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ताई, तुमचं गाव येतंय ना? जा पुढे, आम्ही सांभाळून येतो. आमच्यात ही रीत कधी नव्हती. कधीतरी मुक्कामात मीच त्यांना तुमची गोष्ट सांगितली होती, फक्त शेवट गाळून. मी निघाले. मागे वळून पाहिलं तर घोळका रेंगाळत होता, हसतखिदळत होता. मी कोणाच्या खिजगणतीतच नव्हते. कोरगावची वळणं तुम्हांला माहीत आहेत. दोन वळणं गेली की मागच्याला पुढचा दिसत नाही. पाय हलके होते. अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती आणि पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तिथल्या तिथे, सायकलवरच कळत होतं.

आई देवळाच्या वळणावर होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात अबोलीची फांती, म्हणजे गजरा, घेऊन. शेजारणी ओरडत होत्या, पोलीस शिटी मारत होता. आणि मी ब्रेक दाबला. तुमचं बोट डोळ्यांसमोर आलं म्हणून दाबला. आईने माझे दोन्ही गाल धरले, हेल्मेटच्या भोकात फांती खोचायला लागली, ती खोचली जाईना. ती सारखी काहीतरी बोलत होती. मग घोळका आला, टाळ्या वाजवत आला, आणि मी त्यात शिरले. पेडण्यात मी कितवी आले ते विचारू नका. साहेबांनी रात्रीच फोनवर सांगितलं, सोमवारपासून ऑफिस.

आता मला सांगा, काय मिळवलं मी? तुमचा तो जिंकतानाचा फोटो मी पाहिलाय, काका. तुम्ही आजारी होतात, औषधाची चिठ्ठी काढायला तुमचं पाकीट उघडलं तेव्हा. हात वर, तोंड उघडं, तरुण, देखणे. ज्या दिवसाची एवढी लाज वाटते त्याचा फोटो माणूस जन्मभर खिशात बाळगतो का? उपदेश मला दिलात आणि फोटो स्वतःकडे ठेवलात. तुम्हांला घोळक्याने टाकलं, पण तुमच्या पदरात एक दिवस पडला. मला कोणी टाकलं नाही, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, आणि मी हात हलवत घरी आले. काल रात्रभर मी तुम्हांला शिव्या घातल्या. पुन्हा तेच वळण आलं तर मी थांबेन असं मला वाटत नाही.

आई मात्र हवेत आहे. येईल त्याला सांगतेय, चेडू शर्यत सोडून माझ्यासाठी थांबलं. आज माझ्या ताटात माशाची कढी वाढताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काल सांगलंय तां ध्यानात आसा मां, बाये?"

काका, ती काल काय बोलली ते मी ऐकलंच नाही. तिने गाल धरले होते तेव्हा मी तिच्या खांद्यावरून पलीकडे, हरमलकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याकडे बघत होते.

मी "हो" म्हटलं.