चाकांचं वेल्डिंग

प्रिय सुलभा,

मघाशी तुझा फोन मध्येच ठेवला. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहितोय.

सर्जापूर रोडच्या सोसायटीतलं इंजिन पूर्ण झालं. कौलांच्या कारखान्यात माती ओढायचं, तेच. कारखाना पाडून फ्लॅट झाले तेव्हा ते गेटपाशी रुळाच्या तुकड्यावर शोभेला ठेवलं. तू पाहिलंस तेव्हा नुसता गंज होता. आता रंग असा बसलाय, काय सांगू! शेवटच्या हातात ब्रशचा एक केस अडकला होता, तर सगळी बाजू घासून पुन्हा रंगवली. कॉलेज न बघता शिकलेल्या माणसाचं काम आहे हे. महिन्यातून एकदा वॉचमनला हाताशी घेऊन मी ते पहारीने वीतभर सरकवायचो. भार एकाच जागी राहिला की बेअरिंगमधलं तेल निघून जातं, धातू धातूला धरतो.

गेल्या आठवड्यात सरकवताना एक बाई किंचाळली. तिचं मूल जवळच होतं. झालं काहीच नाही. पण सेक्रेटरी विश्वासराव म्हणाले, "अण्णा, चाकं रुळाला वेल्ड करून टाका ना." मी म्हटलं, इंजिन आहे ते, बाकडं नाही. "सरी, ठीक आहे, मग मारतहळ्ळीचा वेल्डर बोलावतो." त्याचं काम मी पाहिलंय, गोवऱ्या थापल्यासारखं. माझ्या इंजिनाला तसलं? शेवटी मीच बसलो. चारही चाकं. सांधा शोधूनही सापडायचा नाही. काम झाल्यावर मात्र तिथून उठवेना.

आता विश्वासराव म्हणतात, इथेच राहा, ड्रायव्हरची टोपी घालून मुलांना माहिती सांगा.

यशश्रीच्या बाळंतपणाला तू पुण्याला गेलीस, तेव्हापासून मी "इंजिन संपू दे, येतो" म्हणत आलो. आज तू विचारलंस तेव्हा ती सबब संपली होती, म्हणून फोन ठेवला. जावयाच्या घरी सकाळी उठून मी करायचं काय गं? इथे चामराजपेटेत कुणी ना कुणी मोडका पंप घेऊन "अण्णा" म्हणत दारात येतं. तिथे मी सोफ्यावरचा आजोबा.

टोपीला नाही म्हणालो. काल लेथ विकला. घराची किल्ली शेजारच्या रत्नाबाईंकडे ठेवतोय. रविवारी सकाळी पुण्याला पोचेन. जावईबापूंना स्टेशनवर पाठवू नकोस. ते प्रेमाने हातातली बॅग घेतील आणि मला त्यांच्या मागून चालावं लागेल. तू एकटीच ये, रिक्षाने जाऊ. आणि दारात पोचलो की आधी तू आत जा.

तुझाच,
सूर्यकांत