जो वाचेल तो करेल

सोमवार, ९ मार्च
दुकानातूनच

लाडक्या ठकूबाईस,

आईचे भरभरून आशीर्वाद. तुला, आणि पोटातल्या पाहुण्यालाही.

फोनवर तू रडतेस, मग मी रडते, आणि दोघींचं बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. दुकान उघडं आहे, पण भर दुपारी कोण येतंय बटणं घ्यायला! सकाळी एक बाई आली होती. कोटाचं एक बटण हरवलं म्हणून तिने मला सगळे डबे उपसायला लावले आणि शेवटी म्हणाली, "राहू दे, कोट तसाही जुनाच झालाय." मी काही बोलले नाही. चक्क! म्हणजे माझंही वय होत चाललंय बघ.

डॉक्टरांनी उठू नकोस म्हटलंय ना? मग उठू नकोस. भांडी पडली तर पडू देत. जावईबापूंना म्हणावं, मीठ कमीजास्त झालं तरी चालेल, ताट वेळेवर आलं पाहिजे. सातवा महिना, ते दिवसभर कामावर आणि घरात तू एकटी छताकडे बघत पडलेली. हे मला कळत नाही असं समजू नकोस.

मी येतेय. शनिवारी आमच्या व्यापारी मंडळाची वार्षिक सभा, रविवारी आवराआवर आणि सोमवारी सकाळच्या गाडीने निघते. तिकीट काढलंय. हसू नकोस! "सभा झाली की येते" हे माझं पालुपद झालंय, ठाऊक आहे मला. पण या वेळी कार्यवाहपद सोडतेय असं अध्यक्षांना तोंडावर सांगून आले. अध्यक्ष म्हणजे आपले फर्निचरवाले. चेहरा पाडून म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर मंडळाचं कसं होणार?" म्हटलं, "तुमच्या खुर्च्यांसारखं. थोडे दिवस करकरेल, मग सवय होईल."

माझ्या जागी कोपऱ्यावरचा केमिस्ट येतोय. शहाणा मुलगा आहे. जरा सावकाश बोलतो, पण औषधवाल्याने घाई करूच नये.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल, पण मंडळात तुझ्या बाबांनी पाडलेली एक रीत आहे. जुन्या कार्यवाहाने फक्त झालेल्या वर्षाची प्रगती वाचायची. पुढच्या वर्षाच्या योजना नव्या कार्यवाहाने वाचायच्या. जो वाचेल तो करेल. पूर्वी लोक मोठमोठ्या योजना वाचून टाळ्या घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड लपवायचे. म्हणून बाबांनी नियमच केला: योजना ज्याच्या तोंडून आली, ती पुरी होईपर्यंत मंडळाच्या किल्ल्या त्याच्याकडे. तेव्हा मी प्रगती वाचणार, कागद केमिस्टच्या हातात देणार आणि मोकळी.

प्रगतीही बरी झाली, अहवालात तरी. रस्त्यावर दिवे आले, गाड्या लावायला पट्टे आखून मिळाले. जी दुकानं बंद पडली त्यांना अहवालात "स्थलांतरित" म्हणायची पद्धत आहे. चपलांचं दुकान असंच स्थलांतरित झालं, थेट कुलुपात. आणि पुढच्या योजनांत पहिली कुठली, ओळख! बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. किती वर्षं मी त्याच्या मागे लागलेय. या वेळी पहिल्या नंबरावर घ्यायला लावलं. करेल तो केमिस्ट.

गिऱ्हाईक आलं. सोमवारी भेटूच.

तुझी आई


सोमवार, १६ मार्च

ठकू,

आशीर्वाद. कशी आहेस?

माझी गाडी सकाळी गेली. मी दुकानात आहे.

काल फोनवर मी "अडकले गं" म्हटलं आणि तू नुसतं "बरं" म्हणून ठेवून दिलास. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असतेस तर मला झोप तरी लागली असती.

सभा छान झाली. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. माझं प्रगतीचं वाचन झालं तेव्हा बेकरीवाल्याच्या बायकोने डोळे पुसले. दिव्यांच्या आणि पट्ट्यांच्या अहवालात रडण्यासारखं काय होतं देव जाणे. अध्यक्षांनी माझ्यावर भाषण केलं. त्यात मी इतकी थोर निघाले की मला स्वतःलाच भेटावंसं वाटलं.

मग केमिस्ट उभा राहिला. त्याचा घसा बसला होता. आवाजच फुटेना. पहिल्याच योजनेवर अडखळला, मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, अध्यक्ष म्हणाले, "अहो, हा विषय जेवायच्या आधी कशाला?" आणि सगळा हॉल खदखदला. इतक्या वर्षांची माझी खटपट, आणि यांना हसू! बाजारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका पाणी प्यायला भितात, ते यांना कुठून कळणार? माझं डोकंच फिरलं. उठले, कागद घेतला आणि योजना मी वाचली. खणखणीत वाचली. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून सांगू!

तो थांबल्यावर अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "जो वाचेल तो करेल, बाई. तुमच्याच घरचा नियम." आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर सरकवला.

नगरपालिकेची परवानगी, जागा, नळ, बांधकाम. वर्ष सहज जाईल.

असं झालं बघ.

इथपर्यंत लिहून मघाशी पाकीट चिकटवणार होते. चिकटवलं नाही. तुला अर्धंमुर्धं सांगून काय मिळणार आहे मला?

केमिस्टचा घसा बसला नव्हता. तो पाणी प्यायला थांबला होता, एवढंच. सावकाश मुलगा, घोट घेतला, पेला खाली ठेवला. लोक हसले ते खरं. पण त्याने मान वर केली होती, अध्यक्षांकडे बघून तो काहीतरी बोलणार होता. चांगलंच बोलला असता. मी त्याला बोलूच दिलं नाही. त्याच्या हातातून कागद ओढून घेतला, ठकू. फाटला कोपरा त्याचा. सभा संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मी वाचत होतो की."

काय सांगू त्याला? म्हटलं, "हो रे, तुला त्रास नको म्हणून." तो औषधाची चिठ्ठी वाचतो तसा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

आज सकाळी तो पुन्हा आला. म्हणाला, "तुम्ही निघा, मी बघतो. नियमाचं लोकांना समजावू." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." बाजारातल्या निम्म्या लोकांना एव्हाना तो नियम आठवतही नसेल. मलाच तो हवा होता. दार आतून मीच लावलं आणि आता आतून ठोठावतेय, कोणी उघडा म्हणून.

तू विचारशील, का? तुला मी नको झालेय का? अगं वेडे, नाही गं. उलटं आहे.

तू खाटेवर पडून आहेस हे ऐकल्यापासून मला बाबांची खाट दिसतेय. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. करायला काही नव्हतं. पाणी द्यायचं, चादर सारखी करायची आणि परत बसायचं. डॉक्टर आले की त्यांचा चेहरा वाचायचा. बाबा गेल्यावर मंडळवाले घरी आले, म्हणाले, "वर्षभर कार्यवाहपद सांभाळा, तुम्हालाही विरंगुळा." मी वाट बघत असल्यासारखी उठले. तेव्हापासून बसलेच नाही. इथे मला कोणी बसू देत नाही, आणि तेच मला बरं वाटतं. इथे दिवा गेला की मी वायरमनला बोलावते, दिवा लागतो. तुझ्या खाटेजवळ काय करू मी? तुला काही झालं तर कोणाला बोलावू? मला भीती वाटते, ठकू. जीव जाईल इतकी भीती वाटते. बाजारात हे कोणाला सांगता येत नाही, बाजारात मी वाघीण आहे.

आणि न येऊनही सुटका नाहीच. आज दिवसभर दुकानात आहे, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते कानात शिरत नाही. एकीने निळा दोरा मागितला तर तिला हिरवा दिला. तुझं "बरं" तेवढं ऐकू येतंय.

तेव्हा आता नीट ऐक. "आई, ये" असं मला म्हणू नकोस. मी येते म्हणेन आणि काहीतरी वाचत बसेन. जावईबापूंना पाठव. एका दिवसाचं काम आहे, तेवढा वेळ तुझ्या शेजारणीला तुझ्यापाशी बसव. त्यांनी आधी कळवू नये. सरळ दुकानात यावं, गिऱ्हाइकांसमोर, आणि "चला" म्हणावं.

मी शंभर कारणं सांगेन. नगरपालिकेचा माणूस यायचाय म्हणेन. रागावेन, कदाचित त्यांचा अपमानही करेन, मला येतं ते. किल्ल्या दाखवेन.

त्यांनी त्या किल्ल्या माझ्या हातातून घ्याव्या आणि केमिस्टला द्याव्या. मी नको म्हणेन. त्यांनी ऐकू नये.

अजून इथेच असलेली,
तुझी आई