पिंपातली मरळ

मुकुंदवाडी, संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२२

चि. पुंजाराम,

आक्काचा आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला घंटी नसते, ती बंद करून ठेवता येत नाय.

इथं सगळं बरं आहे. गुडघे ठीक आहेत, फक्त जिना बघितला की रुसतात. थोरल्याला शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळी लागलीय. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गावाकडं गेलास तर आपलं रान तुला ओळखू यायचं नाय. पांदीचा डांबरी रस्ता झाला, बोरी होत्या तिथं चहाच्या टपऱ्या. तळं मात्र आहे. यंदा काठोकाठ भरलंय रे.

तुझ्या लेकानं, ऋतुराजनं रत्नागिरीहून व्हिडिओ पाठवला. तू खाडीच्या काठाला उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, भोवती तिकडची लेकरं. गळाला कणकेची गोळी लावून देतोयस. ऋतुराज म्हणाला, त्या माशाला बोय म्हणतात, त्याचं तोंड लई नाजूक, हिसका दिला की ओठ फाटतो अन् मासा जातो. अन् तू ओरडतोयस, "अरं, वढू नको! आधी खाऊ दी त्येला!" मी ते परत परत बघितलं. आवाज तोच.

आपल्या तळ्यावर असाच ओरडायचास. मी भाकरी घेऊन यायचे तर मलाच दटावायचास, "आक्के, बांगड्या वाजवू नको." काठावर गावातली लेकरं ओळीनं बसलेली, कडुबा, बद्रीनाथ, नाकाला शेंबूड, पण सगळी चिडीचूप. अन् तुझा तो नेम! पहिला मासा शिकवणाऱ्यानं आपल्या हातानं पोराच्या ओंजळीत द्यायचा, अन् पोरानं तो परत पाण्यात सोडायचा. त्याशिवाय दुसऱ्यांदा गळ टाकायचा नाय. कडुबानं सोडताना भोकाड पसरलं होतं, आठवतंय का? ते दिवस आठवले की हसू येतं, अन् हसता हसता डोळे भरतात.

बरं, आता ऐक. रागावू नकोस. रागावलास तरी लांब आहेस.

दुष्काळात तळं आटलं तेव्हा सगळं गाव टोपल्या घेऊन चिखलात उतरलं. तुझे कडुबा, बद्रीनाथ सगळ्यात पुढं. तू काठावर नुसता बघत उभा. मी पण पदर खोचून उतरले. संध्याकाळी कालवण केलं, तुला ताट वाढलं. तू ताटाला हात जोडलेस अन् उठलास. दुसऱ्या दिवशी ऋतुराजकडं गेलास, तो गेलासच. त्या कालवणाची मी माफी मागणार नाय, पुंजा. मासे तसेही मरणारच होते, अन् घरात खाणारी तोंडं होती. शिष्यांचा राग आला, कबूल. पण बहिणीच्या ताटावरून उठावं का रे?

तर माझी नात राजनंदिनी, नऊ वर्षांची. तिनं तुला कधी बघितलं नाय. तुझा व्हिडिओ बघून हटूनच बसली, मला पण शिकायचं. मग मीच नेलं तिला तळ्यावर. व्हय, मी! जन्मात कधी गळ धरला नाय, पण तू जे ओरडायचास ते सगळं पाठ आहे. तेच ओरडले. गळाला गांडूळ लावताना बोटात टोक रुतलं. लागलेले मासे मीच घाईनं ओढून घालवले. वर कार्टी मला म्हणते, "आजी, बांगड्या वाजवू नको ना."

अन् मग लागली. वीतभर मरळ. मी गळातून सोडवली, पाण्याच्या डब्यात टाकली, ओंजळ धर म्हणाले. पोरीनं हात पाठीमागं घेतले.

"तू नको. तू सगळं आजोबांचंच बोललीस. आजोबाच देतील."

केली समजूत, दिला धपाटा, काय उपयोग नाय. हट्ट कुणाचा ते तुला ठाऊक आहे. काळ्यापिवळ्या जीपमधून मरळ मांडीवर घेऊन आलो. आता मोरीशेजारच्या निळ्या पिंपात आहे. उड्या मारते म्हणून वर माझं जुनं लुगडं बांधलंय. नळाचं पाणी रात्रभर शिळं करून मग तिला घालते. सून भांडी जोरात आपटते.

मरळ चिवट असते, तूच सांगायचास. पण काल तिनं गांडूळ खाल्लं नाय. पोरगी शाळेतून आली की दप्तरासकट पिंपात वाकते, मग विचारते, "आजोबा निघाले का?" मी रोज सांगते, निघाले.

या वयात मला खोटं बोलायला लावू नकोस. गाडीत बस अन् ये. आपण तिघं तळ्यावर जाऊ. घरी आल्यावर कालवण करणार नाय, पिठलं टाकीन, तुला आवडतं तसं झणझणीत. तुझी लई आठवण येते रे. एवढं लिहायला मला दोन पानं लागली.

अन् उगाच फुशारू नकोस, मी काही वाट बघत नाय. मरळ बघतीय.

तुझीच,
लक्ष्मीआक्का