इंग्रजी आठची गुंडाळी

२१ डिसेंबर, रविवार
या घरात एका निरपराध वस्तूवर अत्याचार होत आहे आणि कुणालाही त्याची लाज नाही. माझी पंचवीस मीटरची एक्स्टेंशन वायर मी अंगठा आणि कोपरावर गोल गुंडाळून खुंटीला टांगतो. आज ती इंग्रजी आठच्या आकारात सापडली. म्हणजे कुणीतरी वापरून परत ठेवली. मला न विचारता.
माळ्याचं काम आजच सुरू करणार होतो. लग्नानंतर योगेंद्र आणि चंचल माळ्यावर राहतील. चिरंजीवांना सुरतेतलं हे बमरोली सोडायचं कारणच नाही. पण अशा मनःस्थितीत ड्रिल हाती धरणं योग्य नव्हे.

२२ डिसेंबर
पहिला संशयित: खालचे भिकनभाऊ. कापडाच्या लूमवर तीस वर्षं काढलेला माणूस, गुंडाळण्यात हात बसलेला. सहज म्हणून विचारलं. म्हणाले, "मास्तर, तुमनी वायर माले काय करनी? मना घर दोन शेतस."
घरात दोन वायरी! एका माणसाला दोन कशाला लागतात? नोंद केली.

२४ डिसेंबर
वायरीला लाल नाडा बांधला. सात गाठी. आता प्रत्यक्ष प्रमाणाशिवाय बोलायचं नाही. रंजनाने विचारलं, वायरीची मुंज केलीत का? दुर्लक्ष केलं. पत्नी आहे.

२८ डिसेंबर, रविवार
संस्कृतच्या शिकवण्या आटोपून संध्याकाळी परतलो. नाडा आहे. गाठी पाच. वायर पुन्हा आठ. प्लगवर पांढरी पुट्टी! आमच्या गल्लीत कुणाच्याच भिंतीचं काम चालू नाही. म्हणजे टोळी बाहेरची.
योगेंद्रला सावध केलं. त्याच्या केसांतही पांढरं दिसलं. अठ्ठाविसाव्या वर्षीच पिकायला लागले. लग्न वेळेवर ठरलं म्हणायचं. तो म्हणाला, "पप्पा, जाऊ द्या ने. परत तर येते." ही पिढी तत्त्वासाठी भांडत नाही.

५ जानेवारी
माळ्यासाठी भोक पाडलं. एक. मग करंट बंद. घातपात! योगेंद्रने वायर तपासून जोडून दिली. म्हणाला, कोपरावर गुंडाळून पीळ बसतो, आतली तार तुटते. त्याला एवढं कसं माहीत, हे विचारायचं राहिलं.

१४ जानेवारी, उत्तरायण
गच्चीवर स्पीकर लावायचा, तर खुंटी रिकामी. नाडा तेवढा लटकतोय. सगळ्यांसमोर भिकनभाऊंना चोर म्हणालो नाही, पण म्हणायचं काही बाकीही ठेवलं नाही. ते उठले, स्वतःची वायर आणून माझ्यापुढे ठेवली. गोल गुंडाळलेली. अगदी माझ्यासारखी.
योगेंद्रला फोन लावला. मागे ठोकाठोक, चंचलचं हसू. वायर चलथाणला होती. तिची नोकरी बारडोलीला, म्हणून दोघांनी मध्ये चलथाणला घर घेतलंय. महिनाभर सुट्टीच्या दिवशी तो तिथे भिंतींना पुट्टी लावतोय. रंजनाला पहिल्यापासून माहीत. म्हणाली, "तुम्ही माळा बांधत होतात. कोणत्या तोंडाने सांगणार?"

तोच दिवस, संध्याकाळ
भिकनभाऊंची माफी मागितली. त्यांनी तिळाचा लाडू दिला, वर "आते तिसरी वायर घेस," म्हणाले.
कटलेल्या पतंगाचा दोरा गच्चीवर पडला होता. अंगठा आणि करंगळीवर गुंडाळायला घेतला. चार फेरे झाले आणि हात थांबला. आठ. गुंता होऊ नये म्हणून ही गुंडाळी पाच वर्षांच्या योगेंद्रला याच गच्चीवर मीच शिकवली होती.
डिसेंबरातच ओळखायला हवी होती. ओळखली नाही असंही म्हणवत नाही.
वायर राहू दे त्याच्याकडे. तो चाललाय, आणि मला सांगायची त्याला भीती वाटली. मला काळजी त्या भीतीची आहे.