बायोडाटातली तुझी जागा

प्रिय रमाआत्या,

तू जाऊन तीन हिवाळे झाले आणि मी पहिल्यांदा लिहिते आहे, तेही कामापुरतं. रविवारी आरमोरीचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. बाबांनी गेल्या आठवड्यात बायोडाटा टाईप करायला माझ्याकडेच दिला. काका होते, मामा होते, 'आत्या'पुढे फक्त धाकट्या लताआत्याचं नाव. तुझं नव्हतंच! विचारलं तर बाबा चप्पल घालून तलावाकडे निघून गेले.

मग आजीने मला चुलीपाशी बसवून सांगितलं. तुला सिकलसेलचा आजार होता. रक्तातला, घराण्यातून आलेला.

आत्या, आम्ही तर तुला आळशी समजत होतो!

थंडीत सगळं घर शिंगाडे काढायला तलावात उतरायचं. तू काठाच्या बांधावर, पाळीवर, गोधडी पांघरून शिंगाडे निवडत बसायचीस, शेजारी पाण्याचा तांब्या. सारखी पाणी प्यायचीस म्हणून काका विचारायचे, "तलाव आटवते का वो बाई?" तू हसायचीस. गार पाण्याने तुझी हाडं ठणकतात आणि या आजारात सारखं पाणी प्यावंच लागतं, हे फक्त आजीला आणि बाबांना ठाऊक होतं. तू रोज घ्यायचीस त्या पिवळ्या गोळ्याही ताकदीच्या नव्हत्या तर.

मीही बोलले होते. शाळेत जायच्या आधीची गोष्ट, तू मला पाटीवर अक्षरं शिकवत होतीस. पाहुण्यांसमोर म्हटलं, "आमची आत्या काईच काम नाई करत, निस्ती बसून खाते." सगळे हसले. तूही हसलीस, आणि मी चुकलेलं अक्षर थुंकीने पुसायला गेले तेव्हा माझा हात धरलास. "पुसू नको. चुकलं ते राहू दे, बाजूले नीट लिही." तेव्हा माझा कान का नाही धरलास?

दवाखान्यातून तुझ्या आजाराचं कार्ड मिळालं तेव्हा मी दोन वर्षांची होते. आजी रडत होती आणि तूच तिला म्हणालीस म्हणे, "आळशी म्हना मले. आळशाच्या भाचीले पोरगा भेटते, बिमाराच्या नाई."

एकोणीस वर्षं तो शब्द अंगावर वागवलास. माझ्यासाठी. मोठी झाल्यावर तरी मला सांगायचंस. मी तुझे पाय शेकले असते. एवढाच राग आहे माझा.

माझा स्वभाव तुला माहीत आहे, गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघते. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तपासणीला रक्त दिलं. काल अहवाल आला, मी वाहक आहे. सिस्टर म्हणाल्या, तू आजारी नाहीस, घाबरू नकोस. पण मुलगाही वाहक निघाला तर होणारं मूल आत्यासारखं असू शकतं, लग्नाआधी त्याचंही रक्त तपासून घ्या.

जेवताना बाबा म्हणाले, "लगन होऊ दे, मंग सांगू."

मी म्हटलं, "आन मंग लेकरू दुखून रडलं त काय सांगू बाबा? आळशी हाय म्हनून?"

ते ताटावरून उठून गेले. बाबा वाईट नाहीत, आत्या. ताटातला भात तसाच राहिला त्यांच्या.

आज मी बायोडाटा पुन्हा टाईप करून छापून आणला. 'आत्या'पुढे आधी तू, मग लताआत्या. तुझ्या नावाशेजारी आजाराचं नाव, खाली माझ्या तपासणीचा निकाल. आता कदाचित आरमोरीचे येणारच नाहीत. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

आजीला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "तिच्या नावापुढं 'कै.' लिहिलं का?"

तीनदा तपासणारी मी नेमकं तेच विसरले होते! कागद फाडला नाही. पेनने बाजूला लिहिलं.

तुझ्या नावाशिवाय हा कागद कुठल्याही घरी जाणार नाही, एवढा शब्द देते. आणि या थंडीत पाळीवर एखादी पोर गप्प बसून राहिलेली दिसली, तर तिला कुणी काही म्हणायच्या आधी मी तिच्याशेजारी बसेन आणि विचारेन, "कुठी दुखते तुले?"

पाटी न पुसणारी,
तुझी सुमी