पिवळ्या दिव्यावरची काळी टेप

१० फेब्रुवारी, सोमवार
आजपासून गाडीची नोंद ठेवते आहे. फक्त तांत्रिक. भावना लिहून ठेवायची मला सवय नाही.

पार्श्वभूमी: बाबांच्या जुन्या हॅचबॅकमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा दिवाळीपासून लागलेला आहे. पोस्टातून रिटायर झालेला माणूस जो उपाय करेल तोच बाबांनी केला. दिव्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. विचारलं तर म्हणाले, दिवा दिसत नाही, गाडी पळते, मग तक्रार कुणाची?

तो तुकडा आज मी काढला. दिवा म्हणजे माहिती, आणि माहिती झाकायची नसते. मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल टेस्ट करते. माझी सही झाल्याशिवाय एकही पॅनेल गेटबाहेर जात नाही. गाडी म्हणजे चाकं लावलेलं पॅनेल.

तातडीचं कारण: संध्याकाळी प्रियदर्शनीचा फोन. धाकटी बहीण, साताऱ्यात एका शाळेत संगीत शिकवते. २३ तारखेला, रविवारी संध्याकाळी तिथे तिचं पहिलं स्वतंत्र गायन आहे. तिचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे तारांचा नाद सुधारायला, मिरजेत दिलेला आहे, तो गाडीने आणून देशील का, असं विचारत होती. ती माझ्याकडे सहसा काही मागत नाही. हो म्हटलं.

बाबा म्हणाले, समोरचा शिवतेज दर शनिवारी पिकअप भरून बेदाणे साताऱ्याला नेतो, त्याच्याकडे देऊन टाक. तंबोरा म्हणजे बेदाणा नव्हे, असं मी शांतपणे सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
स्कॅनर आला. काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला की काय दुखतंय ते गाडी स्वतःच मोबाइलवर सांगते. एकच कोड होता, ऑक्सिजन सेन्सरचा. कनेक्टर काढला, पुसला, बसवला. दिवा गेला.

बाबांना दाखवलं. छान म्हणाले आणि टेपची गुंडाळी खिशात ठेवली. फेकली नाही, याची नोंद घेतली.

स्कॅनर सॉकेटमध्येच राहू दिला आहे. कायमचं मॉनिटरिंग. गाडीला काहीही झालं तर सगळ्यात आधी मला कळेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
गाडी सुरू होताना कण्हली. बॅटरीचा लाल दिवा. मीटरवर ११.७ व्होल्ट. निदान: बॅटरी खलास. बाबा म्हणाले, अगं, दसऱ्याला तर नवी घातली. दुकानदारानेही टेस्टर लावून सांगितलं की बॅटरी चांगली आहे, नुसती उतरली आहे, चार्ज करून देतो. त्याच्या टेस्टरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर नव्हतं. नवी बॅटरी घेतली.

संध्याकाळ: पहिल्या झटक्यात सुरू. विषय संपला.

१६ फेब्रुवारी, रविवार
विषय संपलेला नाही. किल्ली फिरवल्यावर बॅटरी, स्टिअरिंग, ब्रेक आणि एअरबॅग, चारही दिवे एकदम लागले आणि लागलेलेच राहिले. आई खिडकीतून डोकावून म्हणाली, शिवजयंतीची रोषणाई यंदा लवकर केलीस.

माझ्या मते ही चांगली बातमी आहे. चार दोष ठरवून एका दिवशी येत नाहीत, म्हणजे कारण एकच असणार. अर्थिंग. बॉनेटमधली अर्थची टोकं पॉलिश पेपरने घासली, बॅटरी चार्जरवर ठेवली. दुपारी सगळे दिवे गेले. प्रियदर्शनीला मेसेज केला, गाडी तयार आहे. तिने विचारलं, का, बिघडली होती?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
गाडी बंद. नुसती टकटक. गल्लीने धक्का दिला, त्यात शिवतेजही होता. घाम पुसत म्हणाला, "ताई, शनवारी आमची गाडी हाय की. तंबोरा मांडीवर घिऊन बसा निवांत."

आभार मानले. त्याच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर किती दिवे लागलेले असतात ते मी पाहिलेलं आहे. तो मला सल्ला देण्याच्या स्थितीत नाही.

नवा संशयित: अल्टरनेटर, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा.

१९ फेब्रुवारी, बुधवार, सुट्टी
शिवजयंतीची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा मी गाडीखाली होते. अल्टरनेटर काढला, कंपनीतल्या बेंचवर तपासला. उत्तम आहे. म्हणजे तो फक्त गाडीत असताना बिघडतो. असं होऊ शकतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज पद्धतशीर काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गाडी बंद असताना बॅटरीतून करंट कुठे जातो ते मोजायचं. मीटर लावून एकेक फ्यूज काढत गेले. एका फ्यूजपाशी काटा धपकन खाली आला. झाकणावरच्या आकृतीप्रमाणे तो फ्यूज दोन गोष्टींना वीज देतो: सिगारेट लायटर आणि स्कॅनरचं सॉकेट.

आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही. लायटर वर्षानुवर्षं न वापरता पडून आहे, आतून शॉर्ट झालेला असणार. लायटर उपटून काढला. खात्री म्हणून फ्यूजही रात्रभर बाहेर ठेवला आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू. एकही दिवा नाही. निदान सिद्ध झालं. बाबा म्हणाले, झालं ना, आता हात लावू नकोस.

पण फ्यूज नसल्यामुळे स्कॅनर बंद होता. मॉनिटरिंगशिवाय गाडी फिट आहे असं मी कशाच्या आधारावर म्हणायचं? फ्यूज परत बसवला. स्कॅनरचा हिरवा दिवा लागला तेव्हा बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी परत टकटक. म्हणजे लायटर निर्दोष होता. दोष फिरता आहे.

धक्का मारून मिरजेला गेले. इंजिन बंद केलं नाही. तंबोऱ्याच्या दुकानातल्या काकांनी बाहेर येऊन गाडी बघितली, मग मला बघितलं, आणि विचारलं की रस्त्यात धक्का मारायची वेळ आली तर तंबोरा कोण धरणार? प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून सोडून दिला.

पुढची सीट मागे पाडून तंबोरा आडवा ठेवला. लगेच सीटबेल्टचा दिवा आणि बीप. तंबोऱ्याला बेल्ट लावला. गप्प झाला. आजच्या दिवसात मी सांगितल्यावर विझलेला तो एकमेव दिवा.

ठरल्याप्रमाणे आजच साताऱ्याला निघायचं होतं. पण गाडी प्रमाणित नाही. प्रियदर्शनीला कळवलं, उद्या सकाळी निघते. ती म्हणाली, "ताई, दुसऱ्याच्या तंबोऱ्यावर माझा आवाज लागत नाही. तू गाडी दुरुस्त करू नकोस. तू फक्त ये."

मी म्हटलं, दोन्ही होईल. बॅटरी पूर्ण चार्ज करून बसवली, स्कॅनर चालू, शेवटची चाचणी सुरू.

२४ फेब्रुवारी, सोमवार
काल लिहायला वेळ मिळाला नाही.

रविवारी सकाळी गाडीत काहीच लागलं नाही. दिवेसुद्धा नाहीत. बाबा फाटकात उभे होते. धक्का देऊ का म्हणून विचारलंही नाही. समोर शिवतेजची पिकअप भरून तयार. बाबांनी त्याला गुरुवारीच सांगितलं होतं की या खेपेला शनिवारऐवजी रविवारी निघ. हा अविश्वास आहे. उपयोगी पडला, तरी अविश्वासच.

पिकअपमध्ये रिकाम्या हाताने बसणं बेजबाबदारपणा झाला असता. आमच्या गाडीतला स्कॅनर काढून घेतला आणि शिवतेजच्या सॉकेटमध्ये खोचला. तंबोरा मांडीवर. मागे बेदाण्याची खोकी.

त्याच्या डॅशबोर्डवर इंजिन, बॅटरी, ब्रेक आणि एक दिवा जो मीसुद्धा पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येकाचा अर्थ मी शिवतेजला कराडपर्यंत समजावून सांगितला. मलकापूरला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "ताई, गाडी घेतल्यापास्नं हे दिवे असेच हायती. आता इझले तर मला भ्या वाटंल."

साताऱ्यात वेळेत पोचलो. प्रियदर्शनी हॉलच्या पायरीवरच बसलेली होती. तंबोरा हातात घेतला, तिथेच गवसणी काढली आणि तारा छेडल्या. मग विचारलं, गाडीने त्रास नाही ना दिला? मी म्हटलं, अजिबात नाही. कुठली गाडी ते तिने विचारलं नाही.

मला गाण्यातलं कळत नाही. पहिल्या रांगेत बसले, कारण तिथली खुर्ची रिकामी होती. गायला लागायच्या आधी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपेपर्यंत मोबाइलवर पिकअपचे आकडे बघायचं राहून गेलं. ही माझी चूक.

स्कॅनर शिवतेजच्या गाडीत ठेवला आहे. त्याला मॉनिटरिंगची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार
आमची गाडी सोमवारी बॅटरी चार्ज करून सुरू केली. काल सुरू झाली. आजही. एकही दिवा नाही. अर्थिंग घासल्याचा परिणाम सावकाश दिसतो, असं बाबांना सांगितलं.

शिवतेजची पिकअप मात्र आज मार्केट यार्डात सुरूच झाली नाही. इतकी वर्षं कधी असं झालं नव्हतं म्हणे. मी त्याला आधीच सावध केलं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
शिवतेज घरी आला. बेदाण्याच्या पिशवीत स्कॅनर आणला होता. म्हणाला, "क्लच दाबताना पायात येत हुतं, म्हणून काल उपटलं. आज गाडी एका किल्लीत चालू. तुमचं यंत्र लय भारी हाय ताई, पर आपल्याला नगं." बाबा पेपर वाचत होते. पान उलटायचे थांबले.

पडताळणी: गाड्या दोन. बंद पडण्याआधी दोन्हींत शिरलेल्या समान गोष्टी दोन. एक स्कॅनर. दुसरी मी. दोन्हींपैकी स्कॅनर कपाटात ठेवला आहे.

संध्याकाळी प्रियदर्शनीचा फोन आला. या रविवारी ये म्हणाली, आणायचं काही नाही, नुसती ये. गाडी बाहेर काढून बघितली. एका झटक्यात सुरू झाली आणि इंजिनाचा तो पिवळा दिवा लागला. एकटाच. कनेक्टर पुसल्याने सेन्सर बरा होत नाही.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग घरात जाऊन बाबांना म्हटलं, टेप द्या.

बाबांनी खिशात हात घातला. तुकडा कापून ठेवलेला होता.